ईयोबाचे मित्र आणि आपले स्वयंसेवक

ज्या घरातील माणसाने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले, त्या घरी जाऊन बसणारे स्वयंसेवक तयार करायचे म्हटले की, पहिला प्रश्न निघतो तो 'तिथे बोलायचे काय?' हा. उत्तरादाखल मग सांत्वनाच्या वाक्यांची यादी हाती दिली जाते. अशी यादी पाठ करण्यापूर्वी स्वयंसेवकांनी जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ वाचावा, असे मला वाटते. मात्र आजवर आपण वाचत आलो, तसा नव्हे.

ईयोब म्हणजे सहनशीलता, हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की, मूळ ग्रंथ उघडण्याची गरजच कोणाला भासत नाही. ग्रंथाचे अध्याय ४२. त्यांतील सहनशील ईयोब पहिल्या दोन अध्यायांत आटोपतो. तिसऱ्यापासून जो बोलू लागतो, तो जन्मदिवसाला शाप देणारा, मरण मागणारा, देवाला जाब विचारणारा माणूस आहे. रविवारच्या मिस्साच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात हा ग्रंथ दोनदाच ऐकू येतो, आणि दोन्ही वेळा त्याचे तीन मित्र वाचनाबाहेरच राहतात. त्यामुळे आपल्या भाविकांना ईयोब माहीत असतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे कोण, ते ठाऊक नसते. स्वयंसेवकाचा खरा धडा तर या तिघांपाशीच आहे.

ते तिघे वाईट नव्हते, हे आधी मान्य करू. मित्रावर संकट कोसळल्याचे कळताच ते आपापल्या गावांहून निघाले, ठरवून एकत्र आले. दुरून त्यांना तो ओळखू आला नाही. त्यांनी आक्रोश केला, वस्त्रे फाडली आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे दिसत असल्याने कोणीही एक शब्द उच्चारला नाही. लेखकाने हे सारे तीन ओव्यांत उरकले आहे. पुढील पस्तीस अध्यायांच्या वाक्पांडित्यापेक्षा या तीन ओव्या मला मोलाच्या वाटतात.

आठव्या दिवशी ईयोबाने तोंड उघडले आणि मित्रांचा तोल गेला. निष्पाप माणसाचा कधी नाश झाला आहे काय, असे अलीफज सौजन्याने विचारतो. बिल्दद सौजन्यही सोडतो. दहा मुले एका दिवसात गमावलेल्या बापाला तो सांगतो, तुझ्या मुलांनी पाप केले असेल, त्याचे फळ त्यांना मिळाले (८:४). ही ओवी वाचताना मला एका घराचा ओटा आठवतो. शवविच्छेदनानंतर मुलाचा देह अजून घरी यायचा होता, पोलिसांना जबाब देऊन बाप नुकताच परतला होता, आणि शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ त्याला विचारत होते, "घरात काही बोलाचाली झाली होती का?" गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांना कारण हवे होते. शेजारच्या घराच्या दोषाने ते घर कोसळले, असे ठरले की आपले घर सुरक्षित ठरते. बिल्ददचे सारे धर्मशास्त्र या भीतीतून उगवले आहे, असे माझे मत आहे.

ख्रिस्तसभाही दीर्घकाळ बिल्ददच्या जवळ बसली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली नसेल तर, ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत दफन नाकारण्याच्या यादीतून हा उल्लेख गळला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने ही कृती गंभीर अपराधच मानली; परंतु मानसिक आजार, तीव्र वेदना व भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे स्पष्ट केले. कायद्याची अक्षरे बदलली. ओट्यावरचे प्रश्न मात्र तेच राहिले.

मित्रांचा आणखी एक दोष सहसा कोणी दाखवत नाही. ईयोब स्पष्टपणे मरण मागतो, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तिघेही त्याच्या वाक्यांतील धर्मशास्त्राची चूक काढतात. 'तुला खरेच मरावेसे वाटते का?' असे एकही जण विचारत नाही. आत्महत्येने आप्त गमावलेल्यांना स्वतःलाही हा धोका अधिक असतो. तेव्हा मौनाचे गुणगान मी करतो आहे, त्यालाही मर्यादा आहे. शोकाकुल माणूस असे काही बोलला तर स्वयंसेवकाने थेट विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांपर्यंत न्यावे.

लंडनमध्ये १९५३ साली समॅरिटन्स ही संस्था सुरू करणारे चॅड व्हॅरा हे अँग्लिकन धर्मोपदेशक होते. मासिक पाळीला भयंकर रोग समजून जीव दिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचे दफन १९३५ साली त्यांच्या हातून झाले होते. सल्ला आपण देऊ, अशी त्यांची सुरुवातीची कल्पना. पण बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा देऊन त्यांचे ऐकून घेणाऱ्या साध्या स्वयंसेवकांशी बोलूनच अनेकांचे मन हलके होई, त्यांना आत जाण्याची गरज उरत नसे. विद्वानाची खोली बाजूला राहिली, चहावाल्यांची खोली संस्था झाली.

ग्रंथाचे गुण सांगितले, आता उणीवही सांगतो. ती दहा मुले एकट्या ईयोबाची नव्हती. ज्या बाईने त्यांना जन्म दिला, तिच्या वाट्याला मूळ हिब्रू ग्रंथात एकच कडवट वाक्य येते, त्यावर नवऱ्याची झिडकारणी, आणि ती अदृश्य होते. सात दिवस बसलेल्यांपैकी कोणी तिच्याकडे वळूनही पाहत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांना हे खटकले असावे. त्यांच्या पाठात तिला लांब भाषण आहे. पोटच्या मुलांसाठी सोसलेल्या कळा व्यर्थ गेल्या, आपण दारोदार मजुरी करत सूर्य मावळण्याची वाट पाहतो, असे ती म्हणते. आपल्याकडेही पुरुष ओट्यावर बसतात, आणि 'तुझ्या लक्षात कसे आले नाही?' हा प्रश्न आतल्या खोलीत आईला किंवा विधवेला गाठतो. प्रशिक्षणात ईयोबाचा प्रसंग नाट्यरूपाने करून घेतला तर एका स्वयंसेवकाला ही भूमिका द्यावी आणि तिच्याजवळ कोण जाऊन बसते, ते पाहावे.

शेवटच्या अध्यायात देव त्या तीन मित्रांवर रागावतो, जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे. गुरेढोरे दुप्पट परत येतात. मुले मात्र पुन्हा दहाच होतात. त्यांतील तीन मुलींची नावे लेखक आवर्जून देतो. गेलेल्या दहांपैकी एकाचेही नाव ग्रंथात नाही. पुन्हा मुले झाली म्हणून आधीची विसरली गेली, असे कोणा आईबापाला पटेल, असे मला वाटत नाही. गेलेल्याचे नाव घरात मोकळेपणाने उच्चारणारा पाहुणा त्या कुटुंबाला हवा असतो.

त्याच अध्यायात आणखी एक ओवी आहे (४२:११). सर्व भाऊबहिणी व पूर्वीचे ओळखीचे लोक ईयोबाच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, त्याचे सांत्वन केले आणि प्रत्येकाने थोडे पैसे व सोन्याची एकेक अंगठी त्याला दिली. तत्त्वचर्चा त्यांनी केल्याची नोंद नाही. आठवड्यातील मिस्साच्या वाचनात हा शेवटचा अध्याय येतो, तेव्हा नेमकी ही ओवी गाळलेली असते. ती स्वयंसेवकांनी घरी बायबल उघडून वाचावी, आणि महिनामिस्सा होऊन गर्दी ओसरल्यावर त्या घरी जेवायला जावे.