गिटार, ड्रम आणि ऐकणारा

उत्स्फूर्त जॅझमध्ये गिटार आणि ड्रम या दोनच वाद्यांनी पूर्ण मैफल करण्याचा प्रकार 1960च्या दशकाच्या अखेरीस युरोपात ठळकपणे पुढे आला. शेफील्डमध्ये जन्मलेला गिटारवादक डेरेक बेली आणि हॉलंडचा ड्रमर हान बेनिंक यांच्या जोडवादनाची तबकडी 1969 मध्ये ‘इन्स्टंट कंपोजर्स पूल’ या डच वादकांच्या संस्थेने काढली. पुढच्याच वर्षी बेलीने इव्हान पार्कर आणि टोनी ऑक्सली यांच्यासह लंडनमध्ये ‘इन्कस’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली आणि बेनिंकबरोबरची 1972ची मैफल तिथूनच बाहेर आली. त्यानंतर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या अनेक जोड्यांनी हा प्रकार हाताळला. वादनाच्या अंगाने तो पुष्कळ पुढे गेला. त्याबद्दलचे लेखन मात्र तेवढे पुढे गेले नाही. दोन वादकांमध्ये काय चालले आहे याचीच चर्चा समीक्षकांनी केली आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला कोणते काम येते हा प्रश्न बाजूला राहिला. या प्रकारात ते काम मोठे असते.

त्याचे पहिले कारण वाद्यांच्या रचनेतच आहे. नेहमीच्या जॅझ संचात डबल बेस दोन जबाबदाऱ्या सांभाळतो. गाणे कोणत्या स्वरसंगतीत आहे हे तो सांगतो आणि लयीची चाल पायाखाली ठेवतो. श्रोत्याचा पाय नकळत हलतो तो बहुतेक वेळा बेस आणि मोठी झांज यांच्या जोरावर. गिटारची सर्वांत खालची तार साधारण 82 हर्ट्झला लागते, बेसची त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, 41 हर्ट्झच्या आसपास. बेस काढून घेतला की हे खालचे सप्तक ओस पडते. बेस ड्रम तिथे घुमतो खरा, पण त्याला ठरावीक स्वर नसल्याने स्वरसंगतीचा पत्ता त्याच्याकडून लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की गिटार आणि ड्रम ही दोन्ही आघाताची वाद्ये आहेत. सॅक्सोफोनचा स्वर श्वास पुरेल तोवर धरता येतो. छेडलेली तार आणि मारलेला ड्रम यांचा नाद मात्र जन्मल्या क्षणापासून ओसरू लागतो. त्यामुळे अशा जोडवादनात आवाजांच्या मध्ये मोकळ्या जागा सतत तयार होतात, आणि त्या भरायच्या की तशाच राहू द्यायच्या हे बरेचसे श्रोत्याच्या कानावर सोडलेले असते.

सतार-तबल्याच्या मैफलीला सरावलेल्या मराठी श्रोत्याला वरवर पाहता हे ओळखीचे वाटेल: एक तंतुवाद्य, एक तालवाद्य, तयारी आणि उपज. पण आपल्या मैफलीत तानपुरा खालची जागा अखंड भरून ठेवतो, ठेका आवर्तन सांभाळतो आणि समेवर येण्याची खात्री सगळ्या सभागृहाला असते. दाद द्यायची जागाही त्यामुळे ठरलेली असते. मुक्त जॅझच्या जोडवादनात तानपुरा नाही, ठेका नाही, समही नाही. म्हणून अशा श्रोत्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा अस्वस्थतेची असते. ती अज्ञानाची खूण समजू नये. जिथे आधार असायला हवा तिथे तो नाही हे त्याच्या कानाने अचूक टिपलेले असते.

ही रिकामी जागा वादक कशी वापरतात यावर पुढच्या प्रतिक्रिया ठरतात. गिटारवादक चार्ली हंटरने तिच्यावर सरळ तोडगा काढला. तो तेव्हा आठ तारांची गिटार वाजवायचा आणि खालच्या तारांवर बेसचे काम स्वतःच करायचा. ड्रमर लिओन पार्करबरोबरची त्याची ‘ड्युओ’ ही ध्वनिमुद्रिका 1999 मध्ये ‘ब्लू नोट’ने काढली. पार्कर मोजकीच वाद्ये घेऊन बसणारा ड्रमर म्हणून ओळखला जातो. इथे श्रोत्याला काही शोधावे लागत नाही, पाय लगेच ठेका धरतो. वादन आनंददायी आहे, पण दोघांनी मिळून तिघांचे काम केले या कौतुकापलीकडे ऐकणारा सहसा जात नाही.

जिम हॉल आणि जोई बॅरन यांची ‘कॉन्व्हर्सेशन्स’ (2010) याच्या अगदी उलट टोकाला आहे. हॉल तेव्हा ऐंशीच्या घरात पोहोचलेला होता. इतक्या हळू आवाजात वाजवणारा जॅझ गिटारवादक दुर्मीळच. बॅरन काठ्या बाजूला ठेवून ब्रशने किंवा नुसत्या हातांनीही वाजवतो. हॉल एक सूर सोडतो, पुढचा सूर अपेक्षित असतो तिथे थांबतो, आणि त्या थांबण्याला बॅरन लगेच धावून जात नाही. ही न धावण्याची शिस्तच या ध्वनिमुद्रिकेचे मर्म आहे. ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. आणखी एक बाब नोंदवण्यासारखी आहे. ही ध्वनिमुद्रिका ‘आर्टिस्टशेअर’ या संस्थेची, जिथे श्रोते आधी पैसे देऊन ध्वनिमुद्रण घडवून आणतात. म्हणजे इथला श्रोता वादनाच्या आधीपासूनच त्यात सामील असतो.

गिटारवादक बिल फ्रिसेल आणि ड्रमर जॅक डीजॉनेट यांचे जोडवादन या दोन टोकांच्या मध्ये बसते. सिएटलच्या ‘इअरशॉट’ महोत्सवात 2001 मध्ये झालेली त्यांची मैफल ‘द एलिफंट स्लीप्स बट स्टिल रिमेंबर्स’ या नावाने 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रिसेल सूर लांबवणारी आणि उलटे फिरवणारी विद्युत उपकरणे वापरतो, म्हणजे गिटारच्या ओसरणाऱ्या नादावर तो उपाय करतो. आघाताचे वाद्य त्याच्या हातात जवळजवळ तानपुऱ्यासारखे पसरते आणि डीजॉनेटला त्यावर मोकळेपणी हिंडता येते. मुक्त वादनाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याला ही ध्वनिमुद्रिका सर्वांत आधी आपलीशी वाटते.

जॉन कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली यांनी 22 फेब्रुवारी 1967 रोजी न्यू जर्सीत केलेले आणि कोल्ट्रेनच्या मृत्यूनंतर 1974 मध्ये ‘इंटरस्टेलर स्पेस’ या नावाने आलेले जोडवादन सॅक्सोफोन-ड्रमचे होते. पण गिटार-ड्रमच्या जोड्यांवर त्याची छाया मोठी आहे. गिटारवादक नेल्स क्लाइन आणि ड्रमर ग्रेग बेंडियन यांनी 1999 मध्ये ते संगीत गिटारवर नव्याने वाजवले. कोल्ट्रेनच्या वाक्यांना श्वासाची मर्यादा होती आणि त्याने श्वास घेतला की श्रोताही घेत असे. विजेच्या गिटारला ती मर्यादा नाही. क्लाइनचे वादन थरारक आहे, परंतु ती विश्रांती हरवल्याने ऐकणारा लवकर दमतो. या परंपरेतल्या पुष्कळ जोड्यांचा हाच दोष आहे: ताकद भरपूर, उसंत नाही. समीक्षक ‘ऊर्जा’ या एका शब्दावर त्यांना पास करतात, आणि त्या ऊर्जेपुढे बसलेल्या माणसाचे विसाव्या मिनिटाला काय होते हे लिहीत नाहीत.

तरीही या प्रकाराची खरी कसोटी बेली आणि बेनिंक हीच जोडी राहते. बेली खुर्चीत जवळजवळ निश्चल बसतो. एक हार्मोनिक, लगेच दाबून मारलेली बोथट तार, मग दूरच्या सप्तकातला एकच सूर. तीन आवाज मिळून चाल व्हायला लागते आहे असे वाटेपर्यंत चौथा आवाज ती मोडतो. बेनिंक मात्र जागेवर राहत नाही. तो ड्रमवर टाच ठेवतो, ती दाबत-सोडत काठीने वाजवतो आणि त्यातून आवाज चढता-उतरता काढतो. मग उठून रंगमंचाच्या फळ्यांवर बसतो, पाय पसरतो आणि फळ्याच वाजवू लागतो. लोक हसतात. बेलीच्या सुरांत फरक पडत नाही.

या हसण्याकडे जॅझचे लेखक कधी बेनिंकचा विदूषकी स्वभाव म्हणून पाहतात, तर कधी संगीताच्या गांभीर्याला बसलेला धक्का म्हणून. दोन्ही मते अपुरी आहेत. लय आणि स्वरसंगती या दोन्ही दोऱ्या सुटलेल्या असताना सभागृहाने एकत्रितपणे प्रतिसाद द्यावा अशी जागा ते हसणे तयार करते. आपल्याकडे समेवर जे घडते ते इथे बेनिंकच्या अंगविक्षेपावर घडते. ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र दृश्य जाते आणि हसण्याचे कारणही जाते. मग तोच श्रोता बेलीच्या सुरांमधले अंतर मोजू लागतो. एकाच मैफलीच्या प्रत्यक्ष आणि ध्वनिमुद्रित अनुभवांत एवढी तफावत असेल, तर तबकडीवरून मैफलीचा निवाडा करणारी समीक्षा अर्धवटच म्हणावी लागेल.

बेलीला स्वतःला या प्रश्नाची जाण होती. ‘इम्प्रोव्हायझेशन’ हे त्याचे पुस्तक 1980 मध्ये आले, आणि त्याची सुरुवात तो जॅझने करत नाही. सतारवादक विराम जसानी यांच्याशी बोलून तो आधी भारतीय संगीतातली उपज समजून घेतो. उत्स्फूर्त वादन भोवतालाला प्रतिसाद देत असल्याने श्रोत्यांचा त्यावर थेट परिणाम होऊ शकतो, हेही त्याने मांडले आहे.

समीक्षेत सर्वांत जास्त वापरली जाणारी कल्पना ‘संवादा’ची आहे: गिटार विचारते, ड्रम उत्तर देतो. ‘शक्ती’ या संचाच्या मैफलींत जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार आणि झाकीर हुसेन यांचा तबला यांच्यात रंगलेले सवाल-जवाब ऐकलेल्या मराठी श्रोत्याला ही कल्पना लगेच पटते. सवालातली बोलपंक्ती जवाबात ओळखता येते, म्हणून टाळी पडते. तेच माप बेली-बेनिंकला लावले तर हाती काही लागत नाही, कारण तिथे उत्तर देण्याचे दोघेही कटाक्षाने टाळतात. दोन स्वतंत्र हालचाली शेजारी-शेजारी चालतात आणि त्यांचा संबंध ऐकणाऱ्याच्या कानात जुळतो.

संवादाच्या कल्पनेला संशोधनानेही धक्का दिला आहे. मायकल शोबर आणि नेटा स्पायरो यांनी 2014 मध्ये सॅक्सोफोन आणि पियानो वाजवणाऱ्या, पूर्वी कधीही एकत्र न वाजवलेल्या दोन अनुभवी जॅझ वादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांमध्ये पडदा होता. एका प्रचलित गाण्यावर त्यांनी तीन वेळा उत्स्फूर्त वादन केले आणि नंतर काय घडले ते स्वतंत्रपणे सांगितले. त्यांच्यातले एकमत बेताचेच निघाले. त्याहून लक्षवेधी गोष्ट अशी की दोघांनाही जोडीदाराच्या विधानांपेक्षा बाहेरच्या जाणकार श्रोत्याची विधाने जास्त पटली. 2016च्या पुढच्या अभ्यासात संगीताचा अनुभव असलेल्या 239 श्रोत्यांची मते घेतली गेली. जॅझचा अधिक अनुभव असणारे वादकांशी अधिक सहमत झाले खरे, पण एकूण श्रोत्यांची मते वादकांपेक्षा त्या जाणकार श्रोत्याच्या मतांशीच अधिक जुळली. शिवाय सारखी पार्श्वभूमी असलेल्या दोन श्रोत्यांनी तेच वादन अगदी वेगळ्या रीतीने ऐकल्याचीही उदाहरणे दिसली. वाद्ये वेगळी असली तरी निष्कर्ष गिटार-ड्रमच्या समीक्षेला लागू पडतो. ‘वादकांच्या मनात काय होते’ हे समीक्षेचे अंतिम प्रमाण होऊ शकत नाही. श्रोत्याची साक्ष तितकीच भक्कम असते.

अर्थात ती साक्षही चुकू शकते. एंगेल आणि केलर यांच्या 2011च्या प्रयोगात 22 जॅझ वादकांना पियानोवरच्या धून ऐकवल्या आणि कोणती उत्स्फूर्त, कोणती नक्कल केलेली, हे ओळखायला सांगितले. अचूकता सरासरी 55 टक्के होती, म्हणजे नाणे उडवून मिळेल त्याहून थोडीच जास्त. ‘हे आत्ता, इथे, दोघांच्या नजरानजरेतून जन्मले’ असे श्रोता छातीठोकपणे सांगतो तेव्हा त्यात ऐकण्याइतकाच विश्वासाचाही भाग असतो. नजरानजरेशिवायही जोडवादन होऊ शकते: बेली आणि बेनिंक यांनी 1999 मध्ये एकमेकांना टपालाने ध्वनिमुद्रणे पाठवून दोन ध्वनिमुद्रिका केल्या. गिटारवादक बिल ऑर्कट आणि ड्रमर ख्रिस कोर्सानो यांची ‘मेड आउट ऑफ साउंड’ ही 2021ची ध्वनिमुद्रिका करोनाच्या काळात अशीच दूर राहून झाली: ड्रम आधी न्यूयॉर्क राज्यात वाजले, त्यावर चार तारांची गिटार नंतर सॅन फ्रान्सिस्कोत चढली. ती ऐकताना दोघे एका खोलीत नव्हते असे कानाला जाणवत नाही. त्यामुळे तिची किंमत कमी होत नाही. अलीकडच्या जोडवादनात ती सर्वांत सुरेल आणि उदार ध्वनिमुद्रिकांपैकी आहे.

जोड्या वाढण्यामागे पैशाचेही कारण आहे. दोघांचा प्रवास परवडतो, छोटी जागा पुरते. लंडनचे ‘कॅफे ओटो’ 2008 पासून आणि न्यूयॉर्कचे ‘द स्टोन’ 2005 पासून अशा वादनाची घरे बनली. ‘द स्टोन’मध्ये खाणेपिणे विकले जात नाही आणि दारावर जमलेले सगळे पैसे वादकांना मिळतात. ग्लासांचा आवाज नसलेल्या अशा खोलीत श्रोत्याचे मौनही वादकाला ऐकू जाते. जॅझ क्लबात प्रत्येक एकलवादनानंतर टाळ्या पडतात, तर इथे एकलवादन कुठे संपले हेच कळत नसल्याने सगळी टाळी शेवटासाठी साठते. वादन संपले की वादक नुसता थांबला आहे, हे ठरेपर्यंतची शांतता या प्रकारातली श्रोत्याची सर्वांत प्रामाणिक प्रतिक्रिया असते. कित्येक ध्वनिमुद्रिकांत ती कापून टाकली जाते, हे मोठे नुकसान आहे.

आज या प्रकाराला चांगल्या वादकांची वाण नाही. वाण आहे ती कोणत्या क्षणी काय ऐकू आले, कुठे लक्ष सुटले, कुठे परत आले हे नेमके लिहिणाऱ्या श्रोत्यांची. 1978च्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवापासून जगातले मोठे जॅझ वादक समोर बसून ऐकलेल्या मुंबईला हे काम परके नाही. समेची वाट पाहणारा कान समेशिवायच्या वादनात कसा वावरतो, हे मराठी श्रोत्याइतके नेमके सांगू शकणारे थोडेच असतील. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी फ्रिसेल-डीजॉनेट, मग हॉल-बॅरन आणि शेवटी बेली-बेनिंक या क्रमाने ऐकावे, आणि ऐकताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.