हरकतीच्या पत्राचे परीक्षण

आपल्या अंकात परीक्षणे येतात ती नाटकांची आणि पुस्तकांची. या वेळी मला परीक्षण करायचे आहे ते एका पत्राचे. लंडनच्या कडेला, आमच्या वस्तीलगत ग्रीन बेल्टमधल्या शेतावर घरे बांधण्याचा अर्ज कौन्सिलकडे आला आहे. त्याविरुद्ध नुसती सही करून धाडायचे नमुनापत्र घरोघर पडले आहे. अर्जाला माझाही विरोध आहे, म्हणूनच पत्र इतके कच्चे असावे याचे वाईट वाटते.

पहिला मुद्दा, खिडकीतून दिसणारा देखावा जाईल. दुसरा, घरांच्या किमती उतरतील. परवानगीचा निर्णय करताना या दोन्ही गोष्टी विचारातच घेतल्या जात नाहीत. म्हणजे पत्राचा अर्धा भाग वाया गेला.

तिसरा मुद्दा शेताच्या सौंदर्याचा. इथे मूळ गोंधळ आहे. ग्रीन बेल्ट म्हणजे अभयारण्य नव्हे. लंडन वेडेवाकडे पसरू लागले तेव्हा १९३८ च्या कायद्याने भोवतालच्या जमिनी राखण्याची सोय केली. ॲबरक्रॉम्बी यांच्या १९४४ च्या आराखड्याने पट्ट्याला आकार दिला आणि १९५५ साली मंत्री डंकन सँडिस यांच्या परिपत्रकाने ही कल्पना इतर शहरांपर्यंत नेली. आजच्या राष्ट्रीय धोरणात पट्ट्याचे उद्देश पाच: मोठ्या शहरांचा फैलाव रोखणे, शेजारची शहरे एकमेकांत मिसळू न देणे, ग्रामीण भाग राखणे, ऐतिहासिक शहरांचा परिसर जपणे आणि शहरातल्या पडीक जागांचा पुनर्वापर घडवणे. सौंदर्य या यादीत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये धोरणात 'ग्रे बेल्ट' आला. यांपैकी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या उद्देशाला जी जमीन फारशी उपयोगी पडत नाही, तिथे बांधकाम आता सोपे झाले. तेव्हा खरा वाद तिथेच घालायला हवा. आमचे शेत गेले तर दोन शहरे एकमेकांना भिडतील. सबंध पत्रात हे एक वाक्य नाही! गावातली रिकामी गोदामे आधी वापरा, हेही नाही.

आता पत्रातले शेवटचे वाक्य. 'बाहेरची माणसे येऊन वस्तीचे रूप बदलेल.' मंडळी, हे वाक्य पूर्वी कोणाविषयी बोलले जात होते, हे सत्तरच्या दशकात इथे आलेल्यांना सांगायला नको. शिवाय आपल्यापैकी अनेकजण राहतात त्या सेमी-डिटॅच्ड घरांच्या रांगा तरी कुठून आल्या? मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ पासून 'मेट्रोलँड' म्हणून ज्या भागाची जाहिरात केली, तिथली शेते आणि कुरणे बुजवूनच त्या उभ्या राहिल्या. आणि नवी घरे हवीत ती कोणाला? नोकरी असूनही आईवडिलांच्या घरातल्या लहान खोलीत राहणाऱ्या आपल्याच मुलांना.

म्हणून माझी सही या पत्रावर नाही. मी स्वतःचे पत्र लिहिले आहे. घरे हवीत, पण दोन शहरांमधली ही एवढी मोकळी जागा सोडून, आणि आधी पडीक जागांवर, असे त्यात म्हटले आहे. तुम्हीही आपापल्या शब्दांत लिहा, अर्जाचा क्रमांक घाला आणि धोरणातल्या उद्देशावर बोट ठेवा. अशा कामात सह्यांच्या संख्येपेक्षा मुद्द्याला वजन असते. आणि आपल्या सहीखाली असे वाक्य जाऊ देऊ नका, जे उद्या आपल्यालाच वाचून दाखवता येईल.