‘आम्ही’ की ‘आपण’? : तळोज्यातून आलेली एक कविता

फादर स्टॅन स्वामी म्हटलं की बहुतेकांना सिपर आठवतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा कारागृहातल्या या ८३ वर्षांच्या जेझुइट धर्मगुरूंनी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केला. पार्किन्सन्समुळे त्यांच्या हातात पेला ठरत नव्हता. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवस मागितले. लोक चिडले, काहींनी ऑनलाइन सिपर मागवून पाठवले. मदत मनापासूनची होती. पण तिच्यामुळे एक लिहिता माणूस आपल्या आठवणीत एका वस्तूएवढा उरला, अशी माझी तक्रार आहे.

कारण याच तळोज्यातून, म्हणजे आपल्या नवी मुंबईतून, त्यांची एक छोटी इंग्रजी कविता बाहेर आली होती : ‘प्रिझन लाइफ, अ ग्रेट लेव्हलर’. तुरुंग सगळ्यांना एका पातळीवर आणतो, असा शीर्षकाचा अर्थ. तिच्याबद्दल हळहळ खूप वाचली, पण ती कविता म्हणून कशी आहे, यावर मला फारसं काही सापडलं नाही.

कविता साधी आहे. दारात सामान काढून घेतलं जातं. आत आधी समोरचा, मग मी, आणि श्वासासारखं सगळीकडे ‘वुइ’. उरलेलं अन्न पक्ष्यांना जातं. ते येतात, पोटभर खातात, उडून जातात. या जागेतून मनाला येईल तेव्हा बाहेर पडू शकणारे फक्त तेच, हे कवी सांगत नाही. न सांगितल्यामुळेच ते लागतं. मग तरुण चेहरे दिसतात. इथे कसे, असं तो विचारतो. ते सगळं सांगतात. काय सांगतात, ते मात्र कवितेत नाही.

ती मोकळी जागा भरायला त्यांचं आधीचं काम पाहावं लागतं. १९९१ पासून ते झारखंडच्या डोंगर-जंगलातल्या आदिवासींमध्ये होते. रांचीजवळ त्यांनी उभारलेल्या ‘बगईचा’ या केंद्राने नक्षलवादाच्या आरोपाखालच्या १०२ कच्च्या कैद्यांचा अभ्यास केला. त्यातल्या ९७ टक्के कैद्यांचं म्हणणं होतं, आमच्यावरचे आरोप खोटे आहेत. पुढे एल्गार परिषद प्रकरणात ते स्वतःही कच्चे कैदी झाले. आरोप त्यांनी नाकारले. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, ते गेले. हे माहीत असलं की कवितेतला तो प्रश्न भाबडा वाटत नाही. आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आलेला माणूस आता तो कोठडीत बसून विचारतोय.

कविता घसरते ती शेवटाकडे. समाजवाद म्हणजे काय, याची व्याख्या येते आणि पत्रक वाचल्यासारखं होतं. पक्ष्यांनी जे सांगून झालंय, ते पुन्हा समजावून सांगायची गरज नव्हती.

तरीही ही कविता मला महत्त्वाची वाटते. दुर्गम डोंगरात सेवा करणारे फादर म्हटले की आपल्या डोक्यात एक चित्र तयार असतं : ते देतात, गरीब घेतात, आणि आपण शहरातून पैसे पाठवतो. इथे ते उलटं होतं. तुरुंगातून लिहिलेल्या एका पत्रात स्वामींनी सांगितलंय, की सहआरोपी अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्साल्विस त्यांना खायला, आंघोळीला मदत करतात. आणखी दोन सोबती, अगदी गरीब घरांतले, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. आता फादर घेणारे आहेत. कवितेतल्या ‘वुइ’ला वजन येतं ते या हातांमुळे.

या ‘वुइ’चं मराठी करताना मी अडलो. इंग्रजीत एकच शब्द, आपल्याकडे दोन. ‘आम्ही’ म्हटलं तर वाचक भिंतीबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं तर तोही आत येतो. खारघरमध्ये बसून, तळोज्यापासून इतक्या जवळ, ‘आपण’ लिहिणं मला फुकटचं वाटलं. आतली समता सक्तीची आहे, हे कवितेतच कबूल केलंय. त्यामुळे सुरुवातीला ‘आम्ही’च बरोबर. पण शेवटी कवी म्हणतो, की हेच माणसांनी स्वखुशीने स्वीकारलं तर? तिथे ‘आपण’ हवं. म्हणजे ही कविता ‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंत जाऊ पाहते. इंग्रजीत तो प्रवास दिसत नाही, मराठीत तो लपवता येत नाही.

सिपर पाठवताना आपण नेमके ‘आपण’ होतो का, हा प्रश्न त्यामुळे माझ्याकडे उरला आहे.