काम नावाचा चाकू

आपल्या मंडळाच्या अंकात आजवर कविता, कादंबरी, नाटक आणि क्वचित एखाद्या मैफलीची समीक्षा आली आहे. चाकूची आलेली नाही. ती लिहावी असे वाटण्याचे कारण घरगुती आहे. माझा भाचा अमेरिकेतील आयडाहो राज्यात बॉयसी या गावी असतो. गेल्या हिवाळ्यात तो इंदुरास आला तेव्हा त्याच गावी तयार होणारा एक घडीचा चाकू बरोबर घेऊन आला. किंमत सुमारे पाचशे डॉलर. चार दिवस तो चाकू त्याच्या हातात होता. उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर मी एक पेरू पुढे केला आणि म्हटले, ‘काप.’ तो चपापला. म्हणाला, ‘मामा, ह्याने नको. आतून सुरी आणतो.’

हा प्रसंग हसून सोडून देता आला असता. परंतु भाचा काही उथळ मुलगा नव्हे, आणि चाकूही उथळ नाही. तेव्हा दोष कोठे, हे शोधणे भाग पडले.

या चाकूचे नाव ‘सेबेंझा’. शब्द झुलू भाषेतला, अर्थ ‘काम’. त्याचा कर्ता ख्रिस रीव्ह हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतील साचे-हत्यारे बनविणारा कारागीर. १९८९ मध्ये तो सहकुटुंब बॉयसीला स्थायिक झाला. त्याच्या चाकूची ‘२१’ ही आवृत्ती २००८ मध्ये आली आणि ‘३१’ ही २०१९ च्या अखेरीस. ज्यांच्या खिशात आधीची आवृत्ती उत्तम चालत होती, असे लोकही नवीसाठी थांबून राहिले, आणि आली तेव्हा तिच्यावर तुटून पडले. ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचे असे स्वागत आपल्याकडे झालेले मला तरी आठवत नाही.

आता वस्तूकडे वळू. घडीचा चाकू हा मुळातच तडजोडीचा प्रकार आहे. सुरी अखंड असते. घडीच्या चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये सांधा येतो, आणि जिथे सांधा तिथे दुबळेपणा. पाते बोटांवर मिटू नये म्हणून त्याला अडवावे लागते. जुन्या चाकूंत हे काम पाठीची कमान करी, पण ती पाते केवळ रोखून धरते, पक्के अडवीत नाही. १९८० च्या दशकात मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने मुठीच्या आत धातूची एक पातळ पट्टी बसविण्याची युक्ती रूढ केली. पाते उघडले की ती पट्टी आपोआप त्याच्या मागे सरकून उभी राहते. रीव्हने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याने ती वेगळी पट्टीच काढून टाकली आणि मुठीच्या टायटेनियमच्या फळीलाच लांब चीर देऊन तिचा एक भाग कमानीसारखा वळविला. मूठ हीच कुलूप झाली. चाकू जितका घट्ट धरावा तितके कुलूप अधिक पक्के बसते. एक भाग कमी करून बळ वाढविणे हे कोणत्याही कलेत कठीण असते, आणि रीव्हने ते साधले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे जगभरच्या कारखान्यांनी हीच रचना उचलली.

‘३१’ मध्ये नवे काय? टायटेनियमची पट्टी पोलादी पात्यावर घासते, क्वचित चिकटते, झिजते. म्हणून दोहोंच्या मध्ये सिरॅमिकची एक बारीक गोळी बसविली. पाते मिटल्यावर त्याला जागीच धरून ठेवणे आणि उघडल्यावर अडविणे, ही दोन्ही कामे तीच करते. खिशाला अडकवायची चिमटी किंचित तिरपी केली, जेणेकरून तिचा भार कुलपाच्या पट्टीवर येऊ नये. पोलादही बदलले. सुधारणा खऱ्या आहेत, पण लहान आहेत. त्यांतील एकही पेरूपर्यंत पोचत नाही.

आणि नेमकी येथेच या चाकूंच्या स्तुतीची भाषा तपासावीशी वाटते. अमेरिकेतील शौकिनांची एक पूर्ण परिभाषा तयार झालेली आहे. पाते उघडतानाची चाल आणि बसतानाचा आवाज यांना मिळून ते ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात, म्हणजे चाकू कसा चालतो आणि कसा बोलतो. हा शब्दप्रयोग जुन्या कमानीच्या चाकूंचा, आणि फार गोड आहे. कुलूप सोडताच पाते स्वतःच्या भाराने मिटावे, यालाही स्वतंत्र नाव आहे. वापरात कधीच न आलेल्या चाकूला ते ‘सेफ क्वीन’ म्हणतात, तिजोरीतली राणी. या शब्दांतला रसिकपणा खरा आहे. भाच्याने मला डोळे मिटून आवाज ऐकायला लावला, ऐकला, आवाज खरोखर सुरेख होता. परंतु इतक्या शब्दांत कापण्याविषयीचा शब्द शोधू लागलो तर हाती फार थोडे लागते. सारी स्तुती सांध्याची आहे. म्हणजे जो भाग चाकूची उणीव झाकण्यासाठी आला, तोच त्याचा गुण ठरला. गायकाची तान बाजूला राहावी आणि तंबोरा किती सुबक जुळतो यावर रात्र सरावी, तसे काहीसे हे झाले आहे.

पोलादाविषयी मात्र पुष्कळ बोलले जाते. न्यू यॉर्क राज्यातील क्रूसिबल या कारखान्याने २००१ मध्ये ‘एस ३० व्ही’ नावाचे पोलाद काढले. ते ठरविताना रीव्हचाही सल्ला घेतला होता. पुढे त्याच घराण्यातील ‘एस ३५’, ‘एस ४५’, आणि २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने रचलेले ‘मॅग्नाकट’ आले. गंमत अशी की, रीव्ह हे पोलाद मुद्दाम थोडे मऊ ठेवीत असे, ‘एस ३० व्ही’ रॉकवेल मापाने ५८-५९. सामान्य माणसाला घरच्या दगडावर धार लावता यावी आणि धारेचे तुकडे उडू नयेत, हा त्यामागचा विचार. शौकिनांनी वर्षानुवर्षे तक्रार केली ती याचीच: एवढे महाग पोलाद आणि इतके मऊ! पुढे पोलाद बदलत गेले तसा कठीणपणाही वाढत गेला. माझ्या मते या वादात कर्ता बरोबर होता आणि त्याचे रसिक चूक. ज्याला धार लावायचीच नाही त्याला मऊपणाची किंमत कशी कळावी? धार जितकी टिकेल तितकी चांगली, ही मागणी बहुधा ज्याला निसणे जमत नाही तोच करतो. (क्रूसिबल २०२४ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेला.)

उणीव दाखवायची तर दुसरीच दाखवावी. मोठ्या सेबेंझाचे पाते पाठीशी तीन मिलिमीटरहून किंचित अधिक जाड आहे. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात १८९० पासून तयार होणारा ओपिनेल घ्या. जोसेफ ओपिनेलचा हा शेतकऱ्यांचा चाकू, बीच लाकडाची मूठ, १९५५ पासून सांध्यावर फिरवायचे साधे कडे. त्याच्या आठ नंबरच्या पात्याची जाडी दोन मिलिमीटरही नाही. फळ, भाकरी, दोरी, जे काही माणूस खिशातल्या चाकूने खरोखर कापतो, ते हे पाते विनासायास कापते. दमट हवेत त्याचे लाकूड फुगते आणि पाते मुठीत अडकून बसते, हा त्याचा जुनाच दोष. सेबेंझात तो कधी येणार नाही. पण अडकलेले पाते काढल्यावर तरी ते कापते.

रीव्हच्या कारखान्यातील इतर काही चाकूंची नावेही झुलूच आहेत. ‘म्नांडी’ म्हणजे छान, सुखद. ‘उम्नुमझान’ म्हणजे घराचा कर्ता पुरुष. २०१५ चा ‘इंकोसी’ म्हणजे सरदार. कामापासून सरदारकीपर्यंतचा हा प्रवास कोणी ठरवून केला असेल असे नाही; पण नावे एका ओळीत मांडली की ती आपोआप बोलू लागतात.

माझ्या घरी एक घडीचा चाकू आहे. आजोबा होळकर दरबारच्या दफ्तरात कारकून होते; त्यांच्या कलमदानातला. बोरू तासण्याचा. इंग्रजीत या जातीच्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात ते लेखणी तासतो म्हणूनच, आणि फारसीतला ‘कलमतराश’ही तोच. म्हणजे खिशातल्या चाकूचे एक कूळ लिहिणाऱ्यांचे आहे, लढणाऱ्यांचे नव्हे, हे आपल्यासारख्या दफ्तरी घराण्यांना सांगायला नको. बोरूचे टोक किती तिरपे कापावे यावर मोडीचे वळण अवलंबून असे. या चाकूचे पाते निसून निसून पाऊण झाले आहे. कमान सैल आहे, बोलतो म्हणावे तर कुरकुरतो, आणि कारखान्याचा छाप पुसून गेला आहे. ‘३१’ शेजारी ठेवला तर दरिद्री दिसतो. तरी त्याच्या पात्याची झीज पाहून आजोबांनी किती पाने लिहिली असतील याचा अंदाज येतो, आणि तसली नोंद भाच्याच्या चाकूवर अद्याप एकही नाही.

सहाव्या दिवशी भाच्याने आपण होऊन पेरू कापला. पहिल्या फोडीला पाते अर्ध्यावर गेले आणि जाडीमुळे पेरू उरलेला तडकला. तो गप्प राहिला. दुसरा मात्र त्याने हलक्या हाताने, ओढून कापला, आणि फोडी बऱ्या निघाल्या. रस आणि दोन-चार बिया सांध्यात गेल्या. तेव्हा त्याने वर्तमानपत्र पसरले, चाकूबरोबर मिळालेल्या छोट्या किल्लीने मळसूत्रे काढली आणि सारा चाकू उलगडून मांडला. दोन फळ्या, पाते, कांस्याच्या चकत्या, मधली नळी. ही नळी अशा नेमक्या मापाची की मळसूत्र शेवटपर्यंत आवळले तरी पाते ना जखडते ना डुगडुगते. अंदाजाने सैल-घट्ट करावेच लागत नाही. पुसून, तेलाचा थेंब देऊन, पंधरा मिनिटांत चाकू पूर्ववत झाला. ही पंधरा मिनिटे मी लक्ष देऊन पाहिली. मालकाला आपली वस्तू उघडता यावी, समजावी, पुन्हा जोडता यावी, अशा बेताने ती घडविणे आजकाल दुर्मीळ झाले आहे. हातघड्याळाचे झाकण उघडले तर हमी जाते, अशा दिवसांत तर फारच. ‘काम’ हे नाव ज्याने दिले त्याला त्याचा अर्थ ठाऊक होता, एवढे मला त्या वर्तमानपत्रावर पटले. स्तुती करणाऱ्यांनी मात्र याची वाखाणणी आवाजाच्या मानाने फारच थोडी केली आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने आजोबांचा चाकू मागितला. तो मी दिला नाही. घरात धार लावायचे दगड दोन होते, त्यांतला बारीक पोताचा दिला.