एका चिरुटाचे रसग्रहण

ग्रंथांच्या परीक्षणासाठी राखलेल्या या पानांत चिरुटाचे परीक्षण आलेले पाहून आमचे काही वाचक नाक मुरडतील. आणि धूर हा मुळात नाकाचाच विषय असल्यामुळे त्यांस तसा अधिकारही आहे. तंबाखूची भलावण करण्याचा आमचा मानस नाही. चिरुटाचा धूर छातीत न घेता तोंडातच खेळवावयाचा असला, तरी त्यातील विष तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरते आणि मुखाच्या व कंठाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध निर्विवाद आहे. वर्षाकाठी एखाद्या चिरुटाचा अपराध आमच्याही हातून घडतो, एवढे कबूल करून पुढे जातो. आम्हांस विचार करावयाचा आहे तो परीक्षेचा. वस्तूची परीक्षा करणारा कोण, कोणत्या शब्दांनी करतो, आणि तिचा भार कोणावर पडतो?

गेल्या मार्गशीर्षातील एका संध्याकाळी प्रतापनगरात एका स्नेह्यांच्या गच्चीवर हा योग आला. नागपुरास चिरूट ओढावयाचा तर थंडीतच. पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रतेत जतन करावयाची ही वस्तू आमच्या वैशाखात दोन दिवस उघडी राहिली, तर वाळल्या शेंगेसारखी तडकते. आणि श्रावणात फुगून बुरसते. स्नेह्यांनी ओल्या स्पंजाचा तुकडा ठेवून ती लाकडी पेटीत सांभाळली होती. चिरूट डोमिनिकन प्रजासत्ताकात वळलेला. लांबी पाच इंच. जाडी पन्नास, म्हणजे इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यांतील पन्नास. वरचे पान कनेक्टिकट जातीचे, कापडाच्या सावलीत वाढविलेले, म्हणून फिक्या तपकिरी रंगाचे व जवळजवळ निःशिर. किंमत यजमानांनी सांगितली नाही व आम्ही विचारली नाही. सोबतच्या पत्रकात त्याचे वर्णन 'मध्यम' असे केले होते.

या शब्दाने आम्ही प्रथम थोडे हिरमुसलो. मम्मटाने काव्याचे उत्तम, मध्यम व अवर असे भाग पाडले, तेव्हापासून मध्यम म्हणजे दुय्यम हा संस्कार आमच्या मनात घट्ट बसलेला. परंतु चिरुटाचे मध्यमत्व त्या कुळातले नव्हे; ते मध्य लयीच्या कुळातले आहे. एकाच झाडाच्या शेंड्याचे पान उन्हाने जाड व उग्र होते आणि सावकाश जळते. मधले पान सुगंध देते. बुडखाचे पातळ पान आग धरून ठेवते. या तिन्हींच्या प्रमाणावर चिरुटाची प्रकृती ठरते, आणि मध्यमात शेंड्याचे पान बेताने पडते, इतकेच. उलट मध्यमाची कसोटी अधिक कडक असते, असे आम्ही म्हणू. उग्र चिरुटाचे दोष त्याच्या उग्रपणाखाली झाकले जातात; मध्यमाला लपण्यास जागा नसते. पान पुरते मुरले नसेल, तर अमोनियाचा दर्प पहिल्याच झुरक्यात चुगली करतो.

पेटविण्यापूर्वी चिरूट हातोहात फिरला. स्नेह्यांच्या मातोश्री जवळच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचे. तारुण्य कामठीस विड्या वळण्यात गेले. त्यांनी तो अंगठा व दोन बोटे यांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच दाबत नेला, हुंगला, आणि म्हणाल्या, "पान चांगलं हाय भाऊ, पण भरणाऱ्याचा हात मधात जड पडला. इथं दाटते." नखाने त्यांनी जागाही दाखविली. आम्ही आदराने हसलो आणि काडी ओढली.

पहिला तृतीयांश खरोखर सुरेख. आता ही सुरेखता सांगावी कशी? पाश्चात्त्य परीक्षक येथे सीडारचे लाकूड, चामडे, कोको अशी यादी सुरू करतात, आणि आमच्याकडील नवशिके तीच यादी पाठ म्हणतात. ज्याने सीडार कधी हुंगला नाही, त्याला तो धुरात कसा सापडतो, हे कोडेच आहे. मौज अशी की चिरुटाच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात, तो त्यांचा स्पॅनिश सीडार मुळी सीडारच नव्हे. तो आपल्या कडुनिंबाच्या कुळातला वृक्ष आहे! मराठी टीकेत उसन्या संज्ञांचा सुळसुळाट आम्ही नित्य पाहतो; धुरातही तोच पाहून करमणूक झाली. आमच्या जिभेला जे आढळले ते असे: भाजलेल्या जवसाचा खमंगपणा, मागून किंचित तुरटी, आणि नाकातून धूर सोडताच मिऱ्याचा बारीक ठसका. (औषधी वनस्पतींच्या धूमवर्तीचे विधान करणाऱ्या चरकाने धूर नाकावाटे सोडण्यास साफ मनाई केली आहे, डोळ्यांस अपाय होतो म्हणून. तंबाखू त्याच्या स्वप्नातही नव्हती. पण आमचे डोळे चुरचुरले हे खरे.) झुरक्यानंतर मागे रेंगाळणाऱ्या चवीला तर ध्वनिकारांचा 'अनुरणन' हा शब्द तयारच आहे. घंटा थांबल्यावरचा नाद जसा, तशी ती जवसाची चव बराच वेळ टाळूवर राहिली.

दुसऱ्या तृतीयांशात, नखाने दाखविलेल्या जागी, चिरूट दाटला. धूर येईना, जोराने ओढावे तर आग तापून कडवट होई, एक बाजू जळे, दुसरी मागे राही. आता कोणी हसले नाही.

मातोश्रींना हे ज्ञान कोठून आले, हे त्यांनीच हळूहळू सांगितले. भंडारा, गडचिरोलीच्या रानांतून उन्हाळ्यात तोडलेले तेंदूचे पान भिजवावयाचे, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापावयाचे, चिमूटभर तंबाखू सारखी पसरून वळावयाचे, तोंड दुमडून दोरा बांधावयाचा, मजुरी हजारावर. चिरुटाचे जे गुणदोष, तेच विडीचे: भरण सारखे हवे, ओढ मोकळी हवी, पान फुटता कामा नये. विडीची रसिकांनी केलेली परीक्षा आमच्या वाचनात कधी आली नाही. परंतु तिची परीक्षा होत नव्हती असे मात्र नाही. ती रोज होई, आणि ठेकेदार करी. नापास विड्यांची 'छाट' बाजूला पडे व तिची मजुरी बुडे. छाट खरोखर वाईट होती की नाही, हे विचारणारा कोणी नसे. कामठीच्या याच मजुरांना बाबू हरदास यांनी संघटित केले. 'जय भीम' हा घोष रूढ केल्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते हेच. १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ साली, अवघ्या पस्तिशीत, वारले. पुढे १९६६ साली विडी व चिरूट कामगारांचा कायदा झाला. आमच्या बैठकीत ज्या दोन वस्तू एका तबकात कधी ठेवल्या जात नाहीत, त्या त्याने एका नावात बसविल्या. इतकेच नव्हे, तर मालकाने नापास केलेल्या विडीचा वा चिरुटाचा तंटा सोडविण्याची तरतूदही त्यात केली. परीक्षकाविरुद्ध दाद मागण्याची अशी सोय ग्रंथकारांना अद्याप लाभलेली नाही.

शेवटचा तृतीयांश पुन्हा मोकळा झाला, पण तोवर धूर तापला होता आणि जवसाची जागा जळक्या कागदाने घेतली होती. दोन बोटे उरला असता आम्ही तो रक्षापात्रात ठेवून दिला. चिरूट विझवावयाचा नसतो, विझू द्यावयाचा असतो. शंभरांपैकी गुण देण्याची परदेशी चाल आम्ही पाळत नाही. पान उत्तम, मुरवण निर्दोष, मिश्रण समंजस, वळणी सदोष. चांगला चिरूट, उत्तम नव्हे. असा निकाल आम्ही मोठ्याने वाचून दाखविला आणि मातोश्रींना विचारले, त्यांनी हा छाटीत टाकला असता काय?

"मी नसता टाकला," त्या म्हणाल्या. "पण माही बिडी अशी दाटली असती, तं त्याईनं टाकली असती."