निजामशाहीचे चेहरे : कोणाचा पुसला, कोणाचा उरला

नगरमध्ये नवख्या माणसाने चाँदबीबीचा महाल विचारला तर लोक त्याला पाथर्डी रस्त्याने डोंगरावरच्या अष्टकोनी इमारतीकडे पाठवतात. ती इमारत म्हणजे मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चाँदबीबी तिथे राहिली नाही आणि तिथे दफनही झाली नाही. तरीही नाव तिचेच टिकले. वजिराची कबर राणीच्या नावाने ओळखली जाते, याचा कोणाला रागही येत नाही. आपल्या शहराने आपल्या माणसांचे चेहरे किती सैल हाताने धरले आहेत, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे आहे.

हे आठवण्याचे कारण म्हणजे दख्खनच्या चित्रांची न्यूयॉर्कमध्ये भरलेली दोन प्रदर्शने. 2013 साली हार्लेममधील शॉम्बर्ग सेंटरने हिंदुस्थानातील आफ्रिकी वंशाच्या माणसांवर प्रदर्शन भरवले. त्याच्या नावातच गुलाम, सेनापती आणि राज्यकर्ते असा प्रवास होता. 2015 साली मेट्रोपॉलिटन म्युझियमने 1500 ते 1700 या काळातील दख्खनच्या सुलतानांवर मोठे प्रदर्शन मांडले. त्याच्या नावात वैभव आणि कल्पनाविलास हे शब्द होते. मी दोन्हीपैकी एकाही ठिकाणी गेलो नाही. ही चित्रे मी छापील पुस्तकांतून पाहिली. पण प्रदर्शनाचे नाव हीसुद्धा एक टीकाच असते. पाहणाऱ्याने काय पाहावे हे ते आधीच ठरवून टाकते. म्हणून या दोन नावांमध्ये निजामशाहीची व्यक्तिचित्रे ठेवून पाहावी, असे मला वाटले.

पहिले चित्र दूर शोधायची गरज नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या शायराने हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी ही मसनवी रचली. 1565 च्या तालिकोट लढाईतील विजय हा तिचा एक मोठा विषय. डॉ. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ती संपादित केली आणि 1987 साली मंडळाने ती प्रसिद्ध केली. आज तिच्यात 12 चित्रे आहेत. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

या चित्रांत राजाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून बसलेली होती. होती, असे म्हणायचे कारण बहुतेक ठिकाणी तिची आकृती नंतर रंगाने झाकली किंवा पुसली गेली आहे. राजा तसाच आहे, दासी आहेत, तख्त आहे, आणि तख्तावर राणीच्या जागी एक डाग आहे.

हे पान दाखवले की आपल्यातलेच कोणी म्हणतात, इस्लामला तसवीर मान्य नाही, म्हणून कोणा धर्मनिष्ठाने पुसली असेल. दुसऱ्या बाजूचे लोकही हेच म्हणतात, फक्त सूर वेगळा असतो. दोघांनीही चित्र नीट पाहिलेले नसते. पुसणाऱ्याला तसवीरच नको असती, तर राजाचा चेहरा कसा वाचला? दासींचे चेहरे कसे वाचले? एकाच बाईला नेमके हेरून पुसले आहे. हुसेन निजामशहा 1565 मध्ये वारला. मुलगा मुर्तजा लहान होता म्हणून कारभार खुंजा हुमायूनच्या हाती आला. 1569 मध्ये त्याच मुलाने आईला कैदेत टाकले. आकृत्या त्यानंतर पुसल्या गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे. तो डाग तख्ताच्या भांडणाचा आहे. त्याचे खापर धर्मावर फोडणे सोपे आहे, पण चित्र त्याला साक्ष देत नाही.

त्याच हस्तलिखितात एक चित्र असे आहे की त्यात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलारले आहे. हा दोहदाचा संकेत संस्कृत काव्यातला आणि मंदिरांच्या शिल्पांतला. फारसी पोथीत, सुलतानाच्या स्तुतिकाव्यात, तो सहज येऊन बसला. आपला वारसा मिश्र आहे हे भाषणात सांगावे लागते. नगरच्या चित्रकाराने ते न सांगताच केले.

दुसरा चेहरा मलिक अंबरचा. हबशाणात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला, शेवटी निजामशाहीचा वजीर चंगीजखान याच्याकडे आलेला हा माणूस. त्याची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. पहिले 1616 च्या सुमारास अबुल हसनने काढलेले, आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. मुंडक्याबरोबर घुबडही आहे. प्रत्यक्षात असे काही घडले नाही. अंबर 1626 मध्ये म्हातारा होऊन मेला आणि खुलताबादला दफन झाला. मेट्रोपॉलिटनने वापरलेला कल्पनाविलास हा शब्द या चित्राला मात्र चपखल बसतो. पराभूत इच्छेचा इतका देखणा विलास क्वचितच सापडेल.

दुसरे चित्र हाशिमचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधले. हाशिमही मोगलांचाच चितारी. पण इथे अंबर धडधाकट उभा आहे. पांढरा जामा, जड अंग, काळा वर्ण, एका बाजूने दिसणारा थकलेला पण सावध चेहरा. रंगाची चेष्टा नाही, गुलामीची खूण नाही. शत्रूच्या दरबारातल्या चिताऱ्याने शत्रूला माणूस म्हणून पाहिले. एका दरबारातून निघालेल्या या दोन चित्रांत मला हाशिमचे मोठे वाटते. अबुल हसनचा हात अधिक तयार असेल, पण त्याने बादशहाच्या मनातले काढले. हाशिमने समोरचा माणूस काढला.

तरीही हाशिमच्या चित्रात जे नाही तेही सांगितले पाहिजे. जमिनीचा कस पाहून सारा ठरवणारा अंबर त्यात नाही. खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर आणणारा अंबर नाही. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजा मोडणारा, ज्याच्या बाजूने शहाजीराजे लढले तो अंबरही नाही. हे चित्राखालच्या चार ओळींनी सांगायचे असते. वैभव असे नाव दिले की त्या चार ओळींना जागा कमी उरते. या बाबतीत हार्लेमचे नाव मला अधिक प्रामाणिक वाटते. ज्यांचे पूर्वज विकले गेले त्यांच्या वस्तीत ते नाव लागले, हा फरक लहान नाही.

तिसरा चेहरा खुंजा हुमायूनच्या लेकीचा, चाँदबीबीचा. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली चाँदबीबी अनेक चित्रांत दिसते. मेट्रोपॉलिटनमधले असे एक चित्र 1700 च्या सुमाराचे आहे. 1595-96 मध्ये नगरचा किल्ला लढवणारी ही बाई 1600 मध्ये मारली गेली. म्हणजे चिताऱ्याने तिला पाहिलेच नव्हते. आईचा खरा चेहरा होता तो पुसला गेला. लेकीचा चेहरा शंभर वर्षांनी लोकांनी मनाने काढला. इतिहासकाराला त्याचा उपयोग कमी, पण लोकांना कोण हवे होते हे त्यातून कळते.

आता आपल्या घराकडे पाहू. नगरला 1960 पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. शहराचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. नावावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला इथे चेहऱ्यांबद्दल बोलायचे आहे. मूळ चित्रे लंडन-डब्लिनहून आणण्याचा हट्ट कोणी धरू नये. चांगल्या छापील प्रती, मराठीतून स्वच्छ माहिती आणि एक खोली एवढे पुरे होईल. पुण्याची पोथी तर तीन तासांच्या अंतरावर आहे. प्रदर्शन भरलेच, तर माझी सूचना एकच. दारातून आत शिरताच पहिले पान पुसलेल्या राणीचे लावावे, आणि तिथे डाग का पडला हे सरळ लिहावे. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलींनी ते पान आधी पाहावे. चाँदबीबीच्या नावाची इमारत कोणाची आहे हे त्यांना मग कोणीही सांगू शकेल.