कथेतील स्थळ : पडदा की पात्र?

आपल्या भागातील नव्या कथांमध्ये स्थळवर्णन बहुधा पहिल्याच परिच्छेदात उरकलेले असते. सूर्य मावळतो, पाखरे परततात, वैनगंगेचे पाणी सोनेरी होते आणि मग कथा सुरू होते. ही कथा बालाघाटहून उचलून नाशिकला नेली, तरी तिचे काहीच बिघडत नाही. ज्या स्थळावाचून कथेचे अडत नाही ते स्थळ नव्हे, तो नाटकातला मागचा पडदा.

प्रेमचंदांची १९३० सालची ‘पूस की रात’ आपल्यापैकी पुष्कळांनी हिंदीच्या तासाला वाचली असेल. कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये हल्कू सावकाराच्या पदरात टाकतो आणि पौषातल्या रात्री फाटक्या चादरीनिशी शेताची राखण करायला जातो. सोबतीला जबरा कुत्रा. आमराईतला पालापाचोळा पेटवून तो ऊब घेतो. नीलगायी पीक फस्त करीत असल्याचे त्याला ऐकू येते. तो उठतोही, पण वाऱ्याची एक झुळूक त्याला पुन्हा राखेजवळ बसवते. सकाळी पीक गेलेले असते आणि हल्कूला मात्र आता इथे थंडीत झोपावे लागणार नाही, याचा आनंद असतो. ही थंडी काढून टाका. हल्कू केवळ आळशी ठरेल. थंडी आहे म्हणूनच ती कर्जाची, शेतीवरून उडालेल्या मनाची कथा होते.

सीमाभागातलेच जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून मराठीत लिहीत होते. ‘पिंगळावेळ’मधील (१९७७) त्यांच्या ‘स्वामी’ कथेत एका प्रवाशाला मठाच्या भुयारात स्वामी म्हणून कोंडले जाते. तिथे बंदिवास आणि सन्मान यांच्यातला फरकच पुसला जातो. प्रकाशाच्या दिशेने चढणारी वेल त्या अंधारात नुसती वेल राहत नाही. माणसाची जगण्याची इच्छाच तिच्या रूपाने वर सरकते. हीच वेल अंगणात लावली असती, तर तिला हा अर्थ आला असता काय?

आता आपल्याकडे पाहू. उन्हाळ्यात सागाचे रान उघडे पडते. बैहरकडचे सालाचे, म्हणजे आपल्या सरईचे, रान बव्हंशी हिरवे असते. लपू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट या दोन रानांत एकसारखी घडणार नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाचा दिवस आणि वर त्याची वाट पाहणाऱ्या घरचा दिवस यांचा उजेडही एक नाही. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ तिकडे गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हेही आपले स्थळच आहे. उंबरा ओलांडताच पात्राची भाषा बदलते आणि भाषेबरोबर त्याची ऐटही.

हे सारे आपल्या कथांत क्वचितच येते. पुण्यामुंबईची उसनी घरे मात्र वारंवार येतात. लेखकाने कथा संपल्यावर एकच कसोटी लावावी : गावाचे नाव खोडून दुसरे घातले, तर कुठे काही दुखते का? दुखले नाही, तर कथा अजून लिहायची राहिली आहे असे समजावे.